कॅन्युला कमी लागल्या, पण मोहीम यशस्वी झाली का?

प्रश्न थोडक्यात असा: आपत्कालीन विभागात तीन महिने ‘गरज नसेल तर कॅन्युला नको’ अशी मोहीम चालवली. (कॅन्युला म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी, बोलीत ‘लाइन’.) स्टोअरमधून निघणाऱ्या कॅन्युलांची संख्या जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली. आता वरिष्ठ विचारतात, की हा मोहिमेचाच परिणाम कशावरून? आणि लाइन न घेतल्यामुळे कुणा रुग्णाला त्रास झाला नाही, याची खात्री कशी द्यायची?

स्टोअरच्या आकड्यावरून या दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. एका रुग्णाची शीर सापडली नाही, तर त्याच्यावर तीन-तीन कॅन्युला खर्ची पडतात. त्या महिन्यात हात बसलेल्या दोन सिस्टर जास्त ड्युटीला असल्या किंवा शीर शोधायला अल्ट्रासाऊंड वापरायला सुरुवात झाली, तरी खप कमी होतो. कॅन्युला लावायची की नाही, हा निर्णय मात्र जिथल्या तिथेच राहिलेला असतो. तुमची मोहीम त्या निर्णयाबद्दल होती, म्हणून मोजायचाही तो निर्णयच.

हा विषय मला जवळचा आहे, त्यामागे एक रुग्ण आहे. पोटदुखीसाठी आलेल्या एका वयस्कर बाईंना आल्या आल्या कोपराच्या खळग्यात कॅन्युला लावली होती. तिच्यातून रक्त काढलं, पुढे काहीच दिलं नाही. त्या वॉर्डात गेल्या तेव्हाही ती लाइन हातावरच होती, आणि चौथ्या दिवशी हात लाल होऊन ताप चढला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला. पोटदुखी दोन दिवसांत थांबली होती. पण जंतुसंसर्गापायी त्यांना पुढचे कित्येक दिवस शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्यांची फाइल मी पुन्हा पुन्हा वाचली. कॅन्युला लावण्याचं कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण तसं कारण कुणाच्या मनातच नव्हतं. ‘रक्त काढतोच आहोत तर लाइनही घेऊन टाकू’, एवढ्यावरच ती लागली होती.

हे एकाच विभागात घडतं असंही नाही. मेलबर्नमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे लावलेल्या कॅन्युलांपैकी निम्म्या कधी वापरल्याच गेल्या नव्हत्या.

आता मोजण्याकडे वळू. पहिली अडचण शब्दांची आहे. ‘न वापरलेली’ आणि ‘अनावश्यक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि मूल्यमापन तिथूनच घसरायला लागतं. रक्ताची उलटी होऊन गेलेला, पण आत्ता नाडी आणि रक्तदाब ठीक असलेला रुग्ण घ्या. त्याला जाड कॅन्युला लावली, सुदैवाने पुन्हा रक्तस्राव झाला नाही आणि लाइन कोरडीच राहिली. ती वापरली गेली नाही, तरी अनावश्यक नव्हती. नुकतीच फिट थांबलेला रुग्ण, ॲनाफिलॅक्सिसनंतर (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यानंतर) निरीक्षणाखाली ठेवलेला रुग्ण, ईसीजीत बदल दिसणारा छातीदुखीचा रुग्ण, या सगळ्यांचं असंच. उलट बाजूही पाहा. एकजण पाणी पितोय, गोळी गिळतोय, आणि तरी त्याला शिरेतून पॅरासिटामॉल आणि सलाईनची एक बाटली दिली. नोंदीत ती कॅन्युला ‘वापरली’ अशी येईल, पण मुळात तिची गरज नव्हती.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. एक, चोवीस तासांत त्या लाइनमधून औषध, द्रव, रक्तघटक किंवा स्कॅनसाठीचं कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) गेलं का? हे कुणीही फाइल पाहून सांगू शकतं. दोन, लावण्याच्या क्षणी जेवढी माहिती हाताशी होती, तिच्यावरून तो निर्णय योग्य होता का? यासाठी दोन अनुभवी लोकांनी एकमेकांचं मत न पाहता फाइल वाचायला हवी. त्यांना पुढे काय झालं ते दिसता कामा नये, नाहीतर शेवट ठाऊक असल्यामुळे सुरुवातीचा निर्णय चुकीचा वाटू लागतो. त्या दोघांचं कितपत जुळलं, तेही अहवालात लिहा. फारच कमी जुळत असेल, तर दोष बहुतेक तुमच्या व्याख्येत आहे.

सलाईनने लाइन फ्लश करणं, म्हणजे नुसती धुऊन मोकळी ठेवणं, हा वापर नव्हे. हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. रक्त काढण्याबद्दल मात्र मतं वेगळी आहेत. माझा आग्रह असा, की ‘फक्त रक्तासाठी वापरली’ असा स्वतंत्र रकाना ठेवा. ती ‘वापरली’मध्ये मिळवली, तर सवयीने लावलेल्या बहुतेक सगळ्या लाइन हिशेबातून निसटतात. शिवाय कॅन्युलामधून काढलेल्या रक्तात, थेट सुईने काढलेल्या रक्तापेक्षा, तांबड्या पेशी फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. मग पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागतं. प्रयोगशाळेकडे फुटलेल्या नमुन्यांची नोंद असतेच. दोन्ही काळातली ती नोंद मागवून घ्या. पदरचं काही न घालता मिळणारा हा चांगला पुरावा आहे.

दुसरी अडचण छेदाची, म्हणजे भागायचं कशाने याची. याबाबत ब्रिस्बेनच्या एका आपत्कालीन विभागातला अभ्यास फार शिकवून जातो. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कर्मचाऱ्यांपुढे एकच सोपी कसोटी ठेवली होती: ही कॅन्युला वापरली जाईल याची ८० टक्के तरी खात्री आहे का? नसेल तर लावू नका. मोहिमेआधी सुमारे ४२.१ टक्के रुग्णांना कॅन्युला लागत होती, नंतर ते प्रमाण ३२.४ टक्क्यांवर आलं. लावलेल्यांपैकी चोवीस तासांत वापरल्या जाणाऱ्या कॅन्युला ७०.५ टक्क्यांवरून ८३.४ टक्क्यांवर गेल्या.

बहुतेक जण इथे थांबून टाळ्या वाजवतात. कागद-पेन्सिल घेऊन एक पायरी पुढे जा. हजार रुग्ण धरा. आधी ४२१ कॅन्युला लागल्या, त्यातल्या सुमारे २९७ वापरल्या गेल्या आणि १२४ कोरड्या राहिल्या. नंतर ३२४ लागल्या, सुमारे २७० वापरल्या गेल्या आणि ५४ कोरड्या राहिल्या. कोरड्या कॅन्युला निम्म्याहून अधिक घटल्या, हे मोठं यश आहे. पण वापरल्या गेलेल्या कॅन्युलाही हजारामागे सुमारे २७ ने कमी झाल्या आहेत. हे २७ रुग्ण कोण?

दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे हे लोक तोंडाने औषध घेऊ शकत होते. आधी लाइन आहे म्हणून शिरेतून मिळत होतं, आता गोळी मिळाली. तसं असेल तर मोहिमेचा खरा फायदा इथेच आहे, कारण लाइन दिसली की औषध शिरेतून द्यावंसं वाटतं, हे आपण सगळे जाणतो. दुसरी शक्यता म्हणजे त्यांना शिरेतून औषध हवं होतं आणि ते मिळालं नाही किंवा उशिरा मिळालं. टक्केवारी या दोन शक्यतांमध्ये फरक करू शकत नाही. फाइल उघडून पाहावी लागते. तुमच्या वरिष्ठांचा दुसरा प्रश्न नेमका या रुग्णांबद्दल आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

म्हणूनच मी ‘वापरलेल्यांची टक्केवारी’ हा मुख्य निकष कधीच ठेवत नाही. मुख्य निकष असावा ‘हजार रुग्णांमागे कोरड्या राहिलेल्या कॅन्युला’. टक्केवारीला आणखी एक खोड आहे. मोहीम जोरात असली, की लावलेली कॅन्युला ‘फुकट गेली’ असं दिसू नये म्हणून कुणीतरी सलाईनची बाटली जोडतं किंवा मळमळीचं इंजेक्शन शिरेतून देतं. टक्केवारी सुधारते आणि रुग्णाला नको असलेलं औषध मिळतं. कुणी मुद्दाम लबाडी करतं असं मला वाटत नाही. मोजणी ज्या दिशेला असते, तिकडे हात आपोआप वळतात. त्यामुळे रुग्णामागे दिलेल्या सलाईनचं आणि शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलचं प्रमाणही सोबत पाहा.

आता पहिला प्रश्न: परिणाम मोहिमेचाच कशावरून? आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने एवढीच तुलना कमकुवत ठरते. उन्हाळ्यातले जुलाब-उलट्यांचे रुग्ण सरले, की लाइन आपोआप कमी लागतात. मोहीम बहुधा आकडे फार वाईट दिसलेल्या महिन्यानंतरच सुरू होते, आणि वाईट महिन्यानंतरचा महिना तसाही थोडा बरा असतो. म्हणून आधीच्या निदान वर्षभराचे आठवड्या-आठवड्याचे आकडे आलेखावर मांडा आणि मोहिमेचा दिवस उभ्या रेषेने दाखवा. रेषेच्या आधीच उतार लागला होता का? रेषेनंतर पायरी उतरल्यासारखी घट झाली की हळूहळू? तीन महिन्यांनी रेघ पुन्हा वर चढू लागली का? हा एक आलेख पानभर पी-व्हॅल्यूंपेक्षा (सांख्यिकी चाचण्यांच्या आकड्यांपेक्षा) जास्त सांगतो. जमल्यास त्याच काळात मोहीम न झालेल्या शेजारच्या विभागाची रेघही त्यावर काढा.

ट्रायाजच्या, म्हणजे आल्या आल्या ठरवलेल्या गांभीर्याच्या, श्रेणीनुसार आकडे वेगळे काढा, हे तर न चुकता. सर्वांत गंभीर श्रेणीतल्या रुग्णांमध्ये कॅन्युलांचं प्रमाण बदलायलाच नको. ते स्थिर राहून मधल्या आणि सौम्य श्रेणींत घटलं असेल, तर निर्णय विचारपूर्वक होत आहेत असं मानायला जागा आहे. सगळ्याच श्रेणींत सारखीच घट दिसली, तर मला काळजी वाटेल. मग एक तर आजारांचं मिश्रण बदललंय, किंवा लोक विचार न करता सरसकट टाळतायत.

किती फाइली पाहायच्या, हा प्रश्न हमखास येतो. ४२ टक्क्यांवरून ३२ टक्के इतका फरक पकडायचा असेल, तर दोन्ही काळातल्या प्रत्येकी सुमारे ३६५ रुग्णांच्या फाइली पुरतात. ही संख्या ८० टक्के सांख्यिकी शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि नेहमीची पाच टक्के चूक (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून काढली आहे. फरक फक्त पाच टक्क्यांचा असेल, तर दोन्हीकडे प्रत्येकी १,५०० च्या आसपास लागतात. फाइली सोयीने उचलू नका, यादृच्छिक काढा, आणि त्यात रात्रपाळी व सुट्टीचे दिवस येऊ द्या. शक्यतो मोहिमेच्या काळात कुणी वही घेऊन खाटेजवळ उभं राहिलेलं नसावं, कारण पाहणारा समोर असला की वागणं बदलतं.

सुरक्षिततेकडे मात्र सावकाश पाहायला हवं, आणि बहुतेक मूल्यमापनं इथेच उणी पडतात. लावलेल्या कॅन्युला सगळे मोजतात. न लावलेल्या रुग्णाचा माग कुणी काढत नाही. मी अशा रुग्णांची वेगळी यादी करतो आणि तिला चार गोष्टी विचारतो. विभागात असतानाच नंतर लाइन घ्यावी लागली का, आणि तोवर औषध किती लांबलं? सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव धोक्यात आलेल्या) रुग्णांत पहिल्या अँटिबायोटिकला, आणि तीव्र वेदनेच्या रुग्णांत पहिल्या वेदनाशामकाला लागणारा वेळ वाढला का? लाइन नसताना अचानक कोसळलेला रुग्ण होता का? वॉर्डात पोचल्यावर चार-सहा तासांत तिथे कॅन्युला लावली गेली का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी ‘लाइनशिवाय रुग्ण वर पाठवू नका’ असा वॉर्डाचा आग्रह असतो. तो सुटला नसेल, तर तुमच्या विभागातली घट म्हणजे तीच कॅन्युला दोन मजले वर जाऊन लावणं. रुग्णाच्या हाताला त्याने काहीच फरक पडत नाही. वॉर्डाच्या नोंदी न पाहता केलेलं मूल्यमापन मी अर्धंच मानतो.

अचानक कोसळण्याची भीती कर्मचाऱ्यांच्या मनात सर्वांत खोल असते. तिला हसून उडवू नका, आकड्यांनी उत्तर द्या. पण ते आकडे कितपत बोलतात, हेही ओळखा. लाइन न घेतलेल्या ३०० रुग्णांमध्ये एकही दुर्घटना झाली नाही, म्हणजे धोका शून्य नव्हे. तो १ टक्क्यापर्यंत असू शकतो, एवढंच त्यातून म्हणता येतं. ३,००० मध्ये एकही झाली नाही, तर ती मर्यादा ०.१ टक्क्यावर येते. म्हणजे ३ ला रुग्णसंख्येने भागायचं. अहवालात ‘धोका नाही’ असं लिहिण्यापेक्षा ही मर्यादा लिहा, वरिष्ठांचा विश्वास त्याने वाढतो. आणि संकटात शीर सापडलीच नाही, तर हाडातून दिलेली सुई एक-दोन मिनिटांत मार्ग मिळवून देते. ते साहित्य जागेवर आहे का आणि ते वापरता येणारं कुणी प्रत्येक पाळीत आहे का, हे मोहिमेआधीच पाहून घ्यायला हवं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती मोहिमेच्या बाजूची नाही. कॅन्युला कमी झाल्या, तरी रुग्णाला टोचण्याची संख्या वाढू शकते. शंभर रुग्णांचं रक्त तपासायचं आहे असं धरा. सगळ्यांना कॅन्युला लावून त्यातूनच रक्त घेतलं, तर शंभर टोचण्या. सगळ्यांचं रक्त सुईने काढलं आणि त्यातल्या वीस जणांना पुढे लाइन लागली, तर १२० टोचण्या. ऐंशी जणांच्या शिरेत प्लास्टिकची नळी राहिली नाही, हा लाभ मोठाच आहे. पण त्या वीस जणांना दोनदा दुखलं. ज्यांना लाइन लागेल हे दिसतंच आहे, त्यांना आधी ओळखणं हे याचं उत्तर, आणि ८० टक्क्यांची कसोटी त्यासाठीच आहे. म्हणून ‘रुग्णामागे एकूण टोचण्या’ हा आकडा ठेवाच, आणि फसलेले प्रयत्नही त्यात धरा. लहान मुलांच्या बाबतीत तर मी हा आकडा सगळ्यांच्या वर ठेवतो.

जंतुसंसर्ग कमी झाल्याचं दाखवायच्या फंदात पडू नका. मी वर सांगितलेल्या बाईंसारखी घटना मनाला चटका लावते, पण ती विरळ असते. हातावरच्या कॅन्युलामुळे रक्तात संसर्ग होण्याचं प्रमाण साधारण हजारात दोनपेक्षा कमी सांगितलं जातं, आणि काही तासांत काढलेल्या लाइनला धोका त्याहूनही कमी. वर्षाला ४०,००० रुग्ण पाहणाऱ्या विभागाने ब्रिस्बेनइतकी घट साधली, तर सुमारे ३,९०० कॅन्युला वाचतील. त्यातून टळणारे संसर्ग फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका विभागाच्या आकड्यांत ते उठून दिसणार नाहीत. शिरेला सूज, औषध बाहेर झिरपणं, हात दुखणं हे त्रास मात्र बरेच जास्त होतात आणि ते दिसतात. ते मोजायचे असतील, तर शिरेच्या सुजेसाठी शून्य ते पाच गुणांची दृश्य मोजपट्टी वापरा. वाचलेल्या मिनिटांचे पैसे करून दाखवण्याचा आग्रह मी धरणार नाही. सिस्टरची वाचलेली पाच मिनिटं दुसऱ्या रुग्णाकडे जातात, तिजोरीत नाही.

मोहिमेत नेमकं काय केलं, तेही अहवालात लिहा. नुसती भित्तीपत्रकं होती, की दर आठवड्याला प्रत्येक पाळीला स्वतःचे आकडे दाखवले? माझ्या अनुभवात सर्वांत टिकाऊ बदल एका साध्या गोष्टीने झाला: रक्त काढण्याचा ट्रे आणि कॅन्युलाचा ट्रे वेगळे केले. एकाच ट्रेमध्ये दोन्ही असलं, की हात कॅन्युलाकडेच जातो. वेगळा ट्रे आणायला चार पावलं चालावी लागतात आणि तेवढ्यात विचार होतो. सिस्टर लोकांशी बसून बोला, प्रश्नावली वाटून भागवू नका. एकीने मला सांगितलं होतं, ‘सर, लाइन नसली तर राउंडला डॉक्टर मलाच ओरडतात.’ हे कुठल्याही आलेखात दिसलं नसतं, आणि ते सोडवल्याशिवाय तिथली कॅन्युला कमी होणार नव्हती.

तुमची मोहीम तर होऊन गेली आहे, तेव्हा आज काय करायचं? मोहिमेच्या आधीच्या वर्षातल्या त्याच तीन महिन्यांतल्या ४०० फाइली आणि मोहिमेतल्या ४०० फाइली यादृच्छिक काढा. प्रत्येकीत ट्रायाज श्रेणी, मुख्य तक्रार, कॅन्युला लागली का, किती प्रयत्नांत, त्यातून काय गेलं, पहिलं औषध कधी मिळालं, रुग्ण घरी गेला की वॉर्डात, आणि वॉर्डात नवी लाइन लागली का, एवढंच भरा. दोघांनी मनावर घेतलं, तर साधारण दोन आठवड्यांचं काम आहे. गंभीर श्रेणीतल्या, लाइन न घेतलेल्या रुग्णांच्या फाइली सर्वांत आधी आणि तुम्ही स्वतः वाचा. त्या थोड्याच असतील. वरिष्ठांना आत्ता एवढंच सांगा, की खप घटला आहे, कारण तपासतो आहोत आणि महिन्याभरात आकडे देतो. पुढचं मोजमाप निवासी डॉक्टरांची नवी तुकडी रुजू झाल्यावर सहाव्या आठवड्यात ठेवा, कारण जुनी सवय परत येते ती बहुधा तेव्हाच.